चालती गाडी मधेच बंद पडते तेव्हा नेमकं काय विझतं?

गाडी मस्त चाललेली असते, रस्ता मोकळा, आणि अचानक पायाखालचा जोर जातो. ॲक्सिलरेटर दाबला तरी काही नाही, डॅशबोर्डवर लाल-पिवळे दिवे लागलेत, मागून हॉर्न. कशीबशी बाजूला घेतली, दहा मिनिटं थांबलात, सेल्फ मारला आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू, काही झालंच नाही अशी. गॅरेजला नेली तर तिथे ती एकदम नीट चालते, मेकॅनिक एक चक्कर मारून येतो आणि म्हणतो काही नाही हो, पेट्रोलमध्ये कचरा असेल. आठ दिवसांनी परत तेच.

मी स्वतः यातून गेलोय. माझ्या गाडीचा हा त्रास जवळजवळ चार महिने चालला, आधी प्लग बदलले, मग फ्यूएल फिल्टर, मग अख्खा फ्यूएल पंप, आणि तरी गाडी चाळीसेक मिनिटं चालली की बंद. शेवटी ज्या फिटरने ती नीट केली त्याने बॉनेटला हात लावायच्या आधी मला पंधरा मिनिटं नुसते प्रश्न विचारले. गरम असताना होतं का, आचके देत बंद पडते की एकदम, टाकी किती भरलेली असते, बंद पडताना आरपीएमचा (इंजिन मिनिटाला किती वेळा फिरतंय ते दाखवणारा) काटा कुठे होता. मला यातल्या एकाचंही उत्तर धड देता आलं नाही कारण मी कधी बघितलंच नव्हतं. माझं सगळं लक्ष "कुठला पार्ट गेलाय" याच्याकडे, आणि तो विचारत होता "गेली कशी". पुढे जे काही लिहिलंय ते सगळं त्या एका फरकाबद्दल आहे.

## पण सगळ्यात आधी, त्या दहा सेकंदांत काय करायचं

हे आधी सांगतो कारण बाकीचं नंतर निवांत वाचता येईल. इंजिन बंद पडलं म्हणजे ब्रेक गेले असं नाही. ब्रेकला जी मदत मिळते, ज्यामुळे हलक्या पायाने गाडी थांबते, ती बहुतेक पेट्रोल गाड्यांत इंजिनच्या ओढीतून, म्हणजे व्हॅक्यूममधून येते. इंजिन थांबलं तरी ती ओढ ब्रेकच्या डब्यात थोडी साठलेली असते, पण ती दोन-तीनदा ब्रेक दाबण्यापुरतीच. म्हणून ब्रेक पंप करू नका, एकदाच दाबा आणि दाबून धरा. साठा संपला तरी ब्रेक लागतो, फक्त पायाचा सगळा जोर लावावा लागतो. स्टिअरिंगही जड होतं, फिरतं मात्र, दोन्ही हातांनी.

पार्किंगचे चारही दिवे लावा, गाडी न्यूट्रलला टाका आणि ज्या वेगात आहे त्याच वेगात कडेला सरकू द्या. चावी पूर्ण मागे फिरवू नका आणि काढू तर अजिबात नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. ऑटोमॅटिक गाडी असेल तर डी मध्ये सेल्फ लागणारच नाही, न्यूट्रलला आणावीच लागते, आणि घाबरलेला माणूस नेमकं हेच विसरतो.

## इंजिन चालू राहायला लागतं तरी काय

पेट्रोल इंजिनला चार गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल, ठिणगी, आणि या तिन्ही योग्य क्षणी एकत्र येणं. हवा आणि पेट्रोलचं प्रमाण वजनाने साधारण १४.७ ला १ असतं, म्हणजे १ किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा. वेळेचा हिशोब बघा, ३००० आरपीएमला इंजिन सेकंदाला ५० वेळा फिरतं आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा ठिणगी पडते. ती थोडी इकडेतिकडे झाली की लगेच जाणवतं, इंजिन "मिसिंग" करतं.

हा सगळा हिशोब गाडीतला एक छोटा कॉम्प्युटर करतो, त्याला ईसीयू म्हणतात. तो स्वतः काही बघू शकत नाही. त्याला हवा किती आली, इंजिन किती गरम आहे, किती वेगाने फिरतंय हे सगळं सेन्सर सांगतात आणि त्यांच्या सांगण्यावर विसंबून तो पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरला आणि ठिणगीसाठी करंट देणाऱ्या कॉइलला हुकूम देतो. अंधाऱ्या खोलीत बसून फोनवर दुसऱ्याला स्वयंपाक सांगणाऱ्या माणसासारखं आहे हे. फोनवरचा माणूस चुकीचं बोलला तर पदार्थ बिघडतो, आणि फोनच कट झाला तर सगळं जिथल्या तिथे थांबतं.

बिघडणं आणि कट होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात ठेवा.

## फुंकर मारलेला दिवा आणि तेल संपलेला दिवा

दिवा दोन तऱ्हेने विझतो. फुंकर मारली की एका क्षणात, आधी काही सूचना नाही. तेल संपत आलं असेल तर मात्र आधी ज्योत बारीक होते, फडफडते, एकदा मोठी होते, परत बारीक, आणि मग जाते. इंजिनचंही अगदी असंच आहे.

गाडी एकदम बंद पडली, कोणीतरी बटण दाबल्यासारखी, आधी ना झटका ना अडखळणं, तर बहुतेक वेळा ठिणगी गेलेली असते किंवा ईसीयूला करंट मिळायचा थांबलेला असतो. हा विजेचा प्रॉब्लेम. गाडीने आधी पिकअप सोडला, हिसके दिले, ॲक्सिलरेटर दाबला की अजूनच दबली आणि मग गेली, तर इंधन कमी पडतंय असं समजून शोध सुरू करायचा. तिसरा एक प्रकार आहे: रस्त्यावर पळताना काही नाही पण पाय काढला, क्लच दाबला, सिग्नलला थांबायला लागलो की बंद, आणि ह्यात बहुतेक हवेचा गोंधळ असतो.

प्रत्येक गाडी याच तीन खणांत बसेल असं नाही. रिले, म्हणजे करंट चालू-बंद करणारं विजेचं स्विच, ठिणगीचीही असते आणि पंपाचीही, पंपाचा करंट अचानक तुटला तर गाडीही पटकन बंद पडते. तरीपण सुरुवात कुठून करायची हे यावरून ठरतं, आणि सुरुवात चुकली की माझ्यासारखं होतं, तीन पार्ट बदलून झाले आणि चौथा खराब निघाला.

## एकदम बंद पडते: आरपीएमच्या काट्याकडे बघा

क्रँक सेन्सर हे नाव एकदा समजून घ्या. इंजिनचा मुख्य दांडा, क्रँकशाफ्ट, त्याच्यावर एक दात्यांची चकती असते, बऱ्याच गाड्यांत ६० दात्यांची जागा असते आणि त्यातले २ मुद्दाम गाळलेले असतात, म्हणजे दाते ५८. शेजारी बसलेला सेन्सर हे दाते मोजतो, आणि जिथे दोन दाते नाहीत तिथून ईसीयूला कळतं की दांडा आत्ता नेमका कुठे आहे. हा सेन्सर गप्प झाला तर ईसीयूच्या दृष्टीने इंजिन फिरतच नाहीये, आणि न फिरणाऱ्या इंजिनला तो पेट्रोलही देत नाही आणि ठिणगीही देत नाही. म्हणजे एका वायरमुळे तीनपैकी दोन गोष्टी एकाच क्षणी गायब.

यातली खरी डोकेदुखी उष्णतेची. बऱ्याच सेन्सरच्या आत केसासारख्या बारीक तारेचं वेटोळं असतं. इंजिन तापलं, सेन्सर तापला, तार प्रसरण पावली आणि आत कुठेतरी जी बारीकशी चीर होती तिथे जोड सुटला. गाडी बंद. दहा-वीस मिनिटं थांबलात, गार झालं, जोड परत लागला, गाडी चालू. गॅरेजला पोचेपर्यंत सगळं थंड आणि मीटर लावला तर रीडिंग बरोबर. माझ्या गाडीचं नेमकं हेच होतं.

आता तो काटा. मॅन्युअल गाडी गिअरमध्ये असताना बंद पडली तर चाकं इंजिनला ओढत असतात, इंजिन जळत नसलं तरी फिरतंय. मग आरपीएमचा काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू खाली यायला हवा. गाडी पळतेय, गिअर टाकलेला आहे, क्लच सोडलेला आहे आणि तरी काटा धप्पकन शून्यावर आला तर काट्याला माहिती देणाराच गेलाय. बहुतेक गाड्यांत ही माहिती क्रँक सेन्सरकडूनच येते. काट्याबरोबर अख्खा डॅशबोर्ड विझला तर मात्र सेन्सर नव्हे, मुख्य करंट तुटलाय असं समजा. म्हणजे मेन रिले, बॅटरीचं ढिलं टर्मिनल, गंजलेली अर्थिंगची पट्टी, किंवा चावीच्या मागचं स्विच.

चावीच्या स्विचला हलकं घेऊ नका. २०१४ मध्ये जनरल मोटर्सने याच कारणासाठी टप्प्याटप्प्याने साधारण २६ लाख गाड्या परत बोलावल्या. त्या स्विचची पकड इतकी सैल होती की गुडघा लागला, चावीला जड जुडगा असला किंवा खड्ड्यात गाडी आपटली की चावी चालूवरून मागच्या खाचेत सरकायची. इंजिन बंद, स्टिअरिंगची आणि ब्रेकची मदत बंद, आणि वर एअरबॅगही उघडायची नाही. नुकसानभरपाईसाठी नेमलेल्या निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. म्हणून तुमची गाडी खड्ड्यातून जाताना बंद पडत असेल तर चावीला लटकवलेलं सगळं आजच काढा, नुसती चावी ठेवा, आणि गाडी उभी असताना चालू इंजिनवर चावी हलकेच हलवून बघा. नुसत्या हलवण्याने इंजिन दचकत असेल तर स्विच तपासायला घ्या.

अर्थिंगची टेस्टही साधी आहे. मीटर व्होल्टवर ठेवायचा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला, इंजिन चालू, हेडलाइट चालू, आणि रीडिंग ०.२ व्होल्टच्या वर गेलं तर पट्टी काढून, घासून, परत घट्ट लावायची.

## आचके देत बंद पडते: पेट्रोल पोचत नाहीये

फ्यूएल पंप टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि साध्या इंजेक्शनच्या गाडीत साधारण ३ ते ४ बारच्या दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो. पेट्रोलच त्याला थंड ठेवतं, म्हणून ज्यांची टाकी कायम राखीव दिव्यावर असते त्यांचे पंप जास्त तापतात. थकलेला पंप सपाट रस्त्यावर निभावून नेतो, चढावर किंवा ओव्हरटेकला पेट्रोल जास्त लागतं तिथे उघडा पडतो. तुंबलेल्या फिल्टरचंही तसंच. बारीक नळीतून घोट घोट पिता येतं पण घटाघटा नाही पिता येत.

चावी चालूवर नेली, सेल्फ मारला नाही, तर मागच्या सीटखालून किंवा टाकीकडून दोन सेकंद घुंई असा आवाज बऱ्याच गाड्यांत येतो, तो पंप. हा आवाज नेहमी कसा येतो ते आजच ऐकून ठेवा, म्हणजे ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी कळेल. पण आवाज येतो म्हणजे दाब पुरेसा आहे असं नाही. दाब गेजनेच कळतो, आणि तोही गाडी उभी असताना मोजून पुरत नाही, लोडवर, चालवताना मोजायला लागतो. माझा पंप बदलणाऱ्याने दाब मोजलाच नव्हता. मोजला असता तर कळलं असतं की पंप ठणठणीत आहे, आणि त्याचा मला अजूनही राग येतो.

"नवीन गाडीचा पंप कसा जाईल" असंही लोक म्हणतात. जातो. २०२० मध्ये टोयोटाने आणि पाठोपाठ होंडानेही पंपासाठी लाखो गाड्या परत बोलावल्या, कारण पंपातली प्लास्टिकची फिरकी पेट्रोल शोषून फुगायची आणि आतल्या आत घासून अडकायची. म्हणून पैसे घालायच्या आधी आपल्या मॉडेलवर, आपल्या चासी नंबरवर कंपनीचा रिकॉल आहे का ते बघा, असला तर काम फुकट होतं.

एक सोपी गोष्ट जी कोणी बघत नाही: टाकीला श्वास घ्यायला जागा लागते. पेट्रोल बाहेर गेलं की तेवढी हवा आत यायला हवी. तो मार्ग तुंबला तर टाकीत ओढ तयार होते, पंप त्या ओढीशी झगडतो आणि गाडी दमते. बंद पडल्यावर झाकण उघडलं, मोठ्ठा फुस्स आवाज झाला आणि लगेच गाडी चालू झाली, असं दोनदा झालं तर पंप बदलू नका, व्हेंटचा मार्ग तपासा.

आल्टरनेटर, म्हणजे चालू इंजिनवर वीज बनवून बॅटरी चार्ज करणारा पार्ट, गेल्यावरही गाडी हळूहळू दमते, पण त्याच्या खुणा वेगळ्या. आधी बॅटरीचा लाल दिवा, मग हेडलाइट पिवळट, वायपर संथ, आणि मग गाडी बंद, आणि नंतर सेल्फही फिरत नाही. बंद गाडीच्या चांगल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट आणि चालू गाडीत बहुधा १३.५ ते १४.५ असतात. अलीकडच्या काही गाड्या चार्जिंग मुद्दाम कमीजास्त करतात, त्यामुळे एका रीडिंगवरून आल्टरनेटर फेकून देऊ नका.

## थांबताना बंद पडते: हवेचा हिशोब चुकलाय

पाय काढलेला असताना इंजिन साधारण ७०० ते ९०० आरपीएमवर कसंबसं स्वतःला तगवून धरतं. वेगात असलेली सायकल छोट्या दगडावरून सहज जाते, पण अगदी हळू चालवताना तोच दगड पाडतो. आयडलिंगला तसं असतं. लहानशी चूकही तिथे दिसते आणि वेगात लपून जाते.

सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे थ्रॉटल बॉडीवर साठलेला काळा कार्बन. थ्रॉटल म्हणजे हवेच्या वाटेतली झडप. पाय काढला की ती जवळपास बंद होते आणि फक्त एक बारीक फट राहते, त्या फटीतच काजळी बसली की इंजिन गुदमरतं. साफ करून होतं, पार्ट बदलायची गरज बहुतेक नसते. मात्र साफ केल्यावर ईसीयूला नवी फट शिकवायला लागते, त्याला रीलर्न म्हणतात, आणि ते न करता गाडी परत दिली की आयडलिंग पहिल्यापेक्षा वाईट होतं आणि माणूस म्हणतो साफ करून बिघडवली.

दुसरं कारण चोरवाटेने येणारी हवा. थ्रॉटलच्या पुढे कुठे रबरी नळी फाटली, गॅस्केट सुटलं, तर न मोजलेली हवा आत येते आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. नळ्या हाताने वाकवून बघा, कडक झालेलं रबर वाकवल्यावरच भेग दाखवतं. ब्रेक दाबल्यावरच इंजिन थरथरत असेल आणि पेडलजवळ सुस्स आवाज येत असेल तर ब्रेकच्या बूस्टरचा, म्हणजे ओढ साठवणाऱ्या त्या डब्याचा, पडदा फाटलेला असू शकतो, आणि तो इंजिनपेक्षा ब्रेकसाठी जास्त महत्त्वाचा, ते काम उद्यावर टाकू नका. गळती शोधायला कोणी गरम इंजिनवर पेट उचलणारा स्प्रे मारायला लागलं तर थांबवा, आग लागू शकते. धूर सोडून बघायचं मशीन असतं, गळती असेल तिथून धूर निघतो, ती पद्धत चांगली.

पेट्रोल भरून निघालं की लगेच बंद, असं होत असेल तर पर्ज व्हॉल्व्ह बघायला सांगा. टाकीतली साठवून ठेवलेली वाफ हळूहळू इंजिनला जाळायला देणारी ती झडप आहे, ती उघडी अडकली की भरल्या भरल्या खूप वाफ एकदम आत जाते. जळालेला धूर थोडा परत इंजिनमध्ये सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकला तरी आयडलिंगला असाच दम कोंडतो. आणि ऑटोमॅटिक गाडी थांबताना बरोबर शेवटच्या क्षणी हिसका देऊन बंद पडत असेल तर इंजिनला दोष द्यायच्या आधी गिअरबॉक्सकडे बघा, ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असलेल्या टॉर्क कन्व्हर्टरचं लॉक सुटत नसलं की क्लच न दाबता मॅन्युअल गाडी थांबवल्यासारखं होतं.

हो, आणि नवीन गाडी सिग्नलला बंद होऊन ब्रेकवरचा पाय काढल्यावर किंवा क्लच दाबल्यावर आपोआप चालू होत असेल तर तो बिघाड नाही, ती पेट्रोल वाचवायची सोय आहे, तिचं बटण डॅशबोर्डवर किंवा स्क्रीनमध्ये सापडेल.

## "स्कॅनर लावला, कोडच आला नाही"

कोड म्हणजे ईसीयूने लिहून ठेवलेली तक्रार. पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड, पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, पी०३०० म्हणजे वेगवेगळ्या सिलिंडरमध्ये मिसिंग. पण ईसीयू तक्रार केव्हा लिहितो? त्याला चूक ओळखता आली तर. सेन्सर गप्प झाला आणि इंजिन थांबलं, हे त्याला कधीकधी ड्रायव्हरने गाडी बंद केल्यासारखंच दिसतं. आणि पेट्रोलचा दाब कमी झालाय हे कळायला दाबाचा सेन्सर लागतो, तो साध्या इंजेक्शनच्या अनेक गाड्यांत नसतोच. त्यामुळे कोड नाही म्हणजे बिघाड नाही, असं नसतं.

उलटही खरं आहे. पी०१७१ आला म्हणून धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर बदलतात, आणि तो बिचारा तर खरं बोलत होता की मिश्रण पातळ आहे. आगीची वर्दी देणाऱ्यालाच धरून बदलल्यासारखं झालं हे.

आणि कृपा करून गॅरेजला जायच्या आधी कोड पुसू नका, बॅटरीची वायर काढूनही नाही. कोड लिहिताना ईसीयू त्या क्षणाचा एक फोटो काढून ठेवतो, आरपीएम किती, वेग किती, इंजिन किती गरम, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पुसला की तो फोटोही जातो, आणि शोधणाऱ्याला तुमच्याकडून मिळू शकणारी सगळ्यात किमती वस्तू तीच होती.

## एक आकडा जो स्वतः बघता येतो

साधा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइल असेल तर फ्यूएल ट्रिम नावाचा आकडा बघा. अंघोळीला गरम-गार नळ सोडलेत, हाताने पाणी बघताय आणि गरम नळ थोडा थोडा फिरवताय, ईसीयू हेच करतो. धुरातला ऑक्सिजन बघून पेट्रोल किती टक्के वाढवावं किंवा कमी करावं लागलं, तो आकडा म्हणजे ट्रिम. साधारण उणे १० ते अधिक १० मध्ये असला तर ठीक. अधिक २० किंवा २५ असेल तर पेट्रोल फार वाढवावं लागतंय, म्हणजे कुठेतरी हवा जास्त किंवा पेट्रोल कमी.

कुठे, ते असं ओळखायचं. आयडलिंगला ट्रिम खूप वर आणि २५०० आरपीएमला धरल्यावर खाली आला तर चोरवाटेची हवा, कारण वेगात हवेचा मोठा लोंढा असतो आणि त्यात गळतीचा वाटा नगण्य होतो. आयडलिंगला ठीक आणि लोडवर चढत गेला तर पेट्रोल पुरत नाहीये, किंवा हवा मोजणारा एमएएफ सेन्सर मळलाय आणि हवा कमी सांगतोय. दहा मिनिटांचं काम आहे आणि यात एकही पार्ट खोलायला लागत नाही. गाडी चालवताना मात्र मोबाइलकडे शेजारच्याने बघायचं, तुम्ही नाही.

## "गॅरेजला गेलं की होतच नाही"

मग होईल अशी परिस्थिती तयार करायला लागते. गरम झाल्यावर होत असेल तर मेकॅनिकला थंड गाडी देऊन उपयोग नाही, तापलेल्या गाडीतून तिथे पोचा. माझ्या फिटरने सेन्सरवर हॉट एअर गनने हवा मारली, इंजिन चालू ठेवून, आणि चार-पाच मिनिटांत ते गचकन थांबलं. मग गार होऊ दिलं, चालू झालं. परत तापवलं, परत बंद. दोनदा झालं तेव्हा तो म्हणाला आता बदलू. अंदाजाने बदलणं आणि सिद्ध करून बदलणं यात हा फरक आहे.

तुमच्याकडून एवढं करा, प्रत्येक वेळी गाडी बाजूला सुरक्षित उभी राहिली की मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करा: किती वेळ चालवत होता, टाकी किती, वेग किती, चढ होता का, एसी चालू होता का, एकदम की आचके देत, काटा कुठे गेला, कोणते दिवे लागले, आणि परत चालू व्हायला किती मिनिटं लागली. ही शेवटची वेळ खूप बोलकी असते. लगेच चालू झाली तर बहुतेक ढिला जोड किंवा हवेचा प्रकार, अर्धा तास गार व्हायला लागला तर उष्णतेने दगा देणारा सेन्सर, कॉइल किंवा पंप.

## डिझेल असेल तर

डिझेलला प्लगची ठिणगी नसते, म्हणून यादी लहान होते. फिल्टरमध्ये साठलेलं पाणी, नळीतून आत शिरणारी हवा, आणि दाब सांभाळणारा व्हॉल्व्ह हे नेहमीचे. फिल्टर नुकताच बदलला आणि तेव्हापासून बंद पडायला लागली तर नवीन फिल्टरच्या जोडातून हवा ओढली जात असण्याची शक्यता सगळ्यात आधी तपासा. क्रँक सेन्सर डिझेललाही असतो आणि तसाच दगा देतो.

## परत सेल्फ मारूच नका असे तीन प्रसंग

टेंपरेचरचा काटा लाल पट्टीत असेल, ऑइलचा लाल दिवा इंजिन बंद पडायच्या आधीच लागला असेल, किंवा सेल्फ नेहमीपेक्षा फार हलका आणि भरभर फिरत असेल. तिसऱ्याचा अर्थ असा की टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्ह यांचा ताल जुळवणारा पट्टा, तुटलेला असू शकतो, आतलं कॉम्प्रेशन गेलंय, आणि बऱ्याच इंजिनांत अशा वेळी पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. तिन्हीत गाडी टो करून न्या. पेट्रोलचा वास येत असेल तरीसुद्धा सेल्फ मारू नका, आधी सगळ्यांना उतरवून गाडीपासून लांब न्या.

## नीट झाली हे कधी म्हणायचं

गॅरेजच्या दारात चालू झाली म्हणजे नीट झाली नाही, ती तर आधीही चालू होत होती. ज्या परिस्थितीत बंद पडायची त्याच परिस्थितीत चालवून बघायला लागतं. चढावर जायची तर चढ, भरल्या टाकीवर जायची तर टाकी भरून. माझा सेन्सर बदलल्यावर फिटर स्वतः शेजारी बसला, एसी फुल लावायला सांगितला आणि मोबाइलवर घड्याळ लावलं. चाळीस मिनिटं झाली तेव्हा आम्ही दोघंही काट्याकडे बघत होतो आणि कोणी काही बोललं नाही. पंचेचाळीस झाली, पन्नास झाली. एक तास दहा मिनिटांनी त्याने घड्याळ बंद केलं आणि म्हणाला, चला, आता वळवा गाडी.